पन्नासचा ठोका

टाळेबंदीचा बारावा दिवस. ५ एप्रिल २०२०, रविवार. पंतप्रधानांच्या आवाहनाप्रमाणे रात्री नऊला घरातले दिवे नऊ मिनिटं मालवून दारात पणती लावायची होती. आमच्या इमारतीत पावणेनऊपासूनच लोक गॅलरीत येऊन उभे होते. त्याआधीचे दोन दिवस मात्र वेगळाच वाद रंगला होता : सगळ्यांनी एकदम दिवे बंद केले तर ग्रीड बसेल का? राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवे बंद करू नका असं जाहीर आवाहन केलं होतं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाचा खुलासा आला, की फक्त दिवे मालवा. पंखे, फ्रीज, एसी चालू राहू द्या. शेजारच्या काकांना यातलं काहीच पटत नव्हतं. "अहो, वीज जास्त ओढली तर बिघडेल, हे समजतं. कमी ओढली तर बिघडतं कसं? उलट आराम नाही का मिळणार त्या मशीनला?"

प्रश्न रास्त होता. आणि त्याचं उत्तर सापडलं, की अख्खी राष्ट्रीय ग्रीड कशी चालते ते बरंचसं समजतं.

उसाचा बैलचरक आठवा. बैल गोल फिरतोय, एकजण चरकात ऊस सारतोय. दोन कांड्यांवर चाल छान बसलेली असते. अचानक पाच कांड्या कोंबल्या तर बैल अडखळतो, चाल मंदावते. आणि ऊस घालणारा तंबाखू मळायला थांबला, तर ओढ सुटल्यामुळे बैल भरभर चालू लागतो. विजेचं जनित्र म्हणजे असाच चरक. बैलाच्या जागी वाफ किंवा पाणी, आणि ऊस म्हणजे आपण लावलेले दिवे, पंखे, मोटारी, गिरण्या. आपण बटण दाबतो तेव्हा चंद्रपूरच्या जनित्राला किंचितशी जास्त ओढ बसते. त्याच क्षणी, कारण तारांमध्ये वीज साठून राहत नाही. जेवढी वापरली जाते, तेवढी त्या क्षणी कुठेतरी तयार होत असावी लागते.

आता असे शेकडो चरक देशभर आहेत आणि सगळे जणू एकाच अदृश्य दांडीला जोडलेले आहेत अशी कल्पना करा. एकाची चाल तीच सगळ्यांची चाल. आपल्याकडे ही चाल सेकंदाला पन्नास आवर्तनांची ठरवलेली आहे. तिलाच ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी म्हणतात. औष्णिक केंद्रातली बहुतेक मोठी जनित्रं मिनिटाला ३,००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला बरोबर पन्नास. मागणी वाढली की आकडा ५० च्या खाली सरकतो, मागणी घटली की वर जातो. सोलापुरात पाहा नाहीतर श्रीनगरमध्ये, आकडा तोच. डॉक्टर नाडी बघतात तसं ग्रीड चालवणारी माणसं दिवसरात्र या एकाच आकड्याकडे बघत असतात. ग्रीड कोडने तो ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायला सांगितलं आहे.

म्हणजे काकांच्या मशीनला आराम मिळत नाही, ती उधळते. फिरण्याचा वेग वाढला की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतं. वेग फार उतरला तरीही तेच, कारण कमी वेगात वाफेच्या टर्बाइनची लांब पाती भलतीच थरथरू लागतात आणि मोडू शकतात. एक यंत्र बाहेर पडलं की त्याचा बोजा उरलेल्यांवर, मग दुसरं, मग तिसरं. ग्रीड बसते ती अशी.

त्या रात्री मागणीत १२ ते १४ हजार मेगावॉटची घट होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ३१ हजारांहून जास्त मेगावॉट गळाले. महाराष्ट्राची भर उन्हाळ्यातली जवळजवळ सगळी मागणी काही मिनिटांत नाहीशी व्हावी आणि थोड्या वेळाने परत यावी, तसं. फ्रिक्वेन्सी कमीत कमी ४९.७० आणि जास्तीत जास्त ५०.२६ झाली. आखलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ती बाहेर गेली, पण धोक्यापासून लांब राहिली.

हे सांभाळलं मुख्यतः पाण्याने. कोळशाच्या केंद्राचा बॉयलर मोठ्या भट्टीसारखा असतो. तापायला वेळ, निवायलाही वेळ. जलविद्युत केंद्रात टर्बाइनकडे येणाऱ्या पाण्याची झडप कमीजास्त केली की काही मिनिटांत हवी तेवढी वीज घटवता-वाढवता येते. म्हणून त्या संध्याकाळी औष्णिक केंद्रं मुद्दाम खाली आणून जलविद्युत वर नेऊन ठेवली होती. पावणेनऊला देशभरात मिळून २५,५५९ मेगावॉट वीज पाण्यापासून तयार होत होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी ती ८,०१६ वर आणली होती, आणि पुढे दिवे लागत गेले तशी पुन्हा चढवली. आपल्या कोयनेचं मोल इथे कळतं. तिची क्षमता १,९६० मेगावॉट. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी दिलेलं, त्यामुळे ती रात्रंदिवस चालवायची नसते. अडीनडीला, मागणीच्या कळसाला काढायची ही शिल्लक आहे.

अशी पूर्वतयारी रोज थोडीच करता येते? एरवी चंद्रपूरचा पाचशे मेगावॉटचा एखादा संच बॉयलरची नळी फुटून अवचित बंद पडतो, तेव्हा काय होतं, ते जरा सावकाश पाहू. पहिले काही सेकंद कुणी काहीच करत नाही. उरलेली शेकडो टनांची फिरती चक्रं आपल्या फिरण्यातली साठलेली ताकद देत राहतात, जशी सायकल पायडल मारणं थांबवल्यावरही काही अंतर जाते. फ्रिक्वेन्सी उतरते, पण हळूहळू. या जडत्वामुळे पुढच्यांना वेळ मिळतो. मग प्रत्येक संचावरचा गव्हर्नर वेग उतरल्याचं ओळखून वाफेची किंवा पाण्याची झडप आपोआप थोडी उघडतो. त्याने घसरण थांबते, पण आकडा लगेच पन्नासवर येत नाही. ते काम त्यापुढच्या काही मिनिटांत दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रातला संगणक करतो. तो निवडक केंद्रांना दर काही सेकंदांनी वर-खाली जाण्याचे इशारे पाठवतो. २०१८ साली दादरीच्या केंद्रापासून याचा प्रयोग सुरू झाला. त्यापुढचं काम माणसांचं : कुठला राखीव संच चालू करायचा, कुणाकडून वीज घ्यायची. महाराष्ट्रापुरतं हे कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात ठरतं, पश्चिम विभागाचं मुंबईतल्या प्रादेशिक केंद्रात.

एवढं करूनही आकडा घसरतच राहिला तर? तर उपकेंद्रांमधले रिले, म्हणजे आपोआप चालणारे पहारेकरी, कुणालाही न विचारता फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडू लागतात. ४९.४ ला पहिली तुकडी, मग ४९.२, ४९.० आणि ४८.८. कोणत्या टप्प्याला कोणत्या भागातली लाईट जाणार हे आधी ठरलेलं असतं. म्हणजे कधीतरी तुमच्याकडे अचानक अंधार झाला आणि वायरमनला काही बिघाडच सापडला नाही, तर त्या दिवशी कदाचित तुमचा फीडर बाकीच्या देशासाठी कामी आलेला असतो. याबद्दल आभाराचं पत्र कधी येत नाही.

या सगळ्या शिस्तीला एक देश, एक ठोका हे रूप यायला बरीच वर्षं लागली. पूर्वी पाच विभागांच्या पाच ग्रीड होत्या. पूर्व आणि ईशान्य १९९१ मध्ये जुळल्या, पश्चिम २००३ मध्ये, उत्तर २००६ मध्ये. दक्षिण राहिली होती. ती जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने. सोलापूरकरांनी चादरींइतकाच अभिमान याचाही बाळगायला हरकत नाही.

जोडणं म्हणजे तारेला तार लावणं एवढं सोपं नसतं. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी जवळजवळ सारखी हवी, विजेचा दाब (व्होल्टेज) सारखा हवा, आणि दोन्हीकडची लाट अगदी एकाच वेळी माथ्यावर यायला हवी. झोपाळ्याला दोघांनी दोन बाजूंनी झोका द्यायचा तर वेळ साधावी लागते, तसंच. वेळ चुकली तर काय होतं ते २००७ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने मुद्दाम करून पाहिलं : एका मोठ्या डिझेल जनित्राचा ब्रेकर संगणकावरून चुकीच्या क्षणी उघडबंद केला. यंत्र हादरलं, त्याचे तुकडे उडाले, धूर निघाला. बाहेरून कुणी हातसुद्धा लावला नव्हता. हा प्रयोग लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

दक्षिण २०१३ पर्यंत अगदीच तुटलेली होती असं मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १,००० मेगावॉटचं एक केंद्र आहे. तिथे पश्चिमेकडून आलेली एसी, म्हणजे ठोक्यागणिक दिशा बदलणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी करतात आणि त्याच आवारात पुन्हा एसी करून दक्षिणेकडे पाठवतात. हा उलटासुलटा खटाटोप कशासाठी? डीसीला ठोका नसतो. त्यामुळे दोन्हीकडची चाल वेगळी असली तरी वीज जाते, पण एकीकडचं अडखळणं दुसरीकडे जात नाही. भाषा न कळणाऱ्या दोघांमध्ये दुभाषी बसवावा, तसं हे केंद्र. त्याचं महत्त्व २०१२ मध्ये कळलं.

३० जुलै २०१२, रात्रीचे अडीच. उत्तर भारतात पाऊस लांबलेला, शेतीपंप आणि एसी जोरात, आणि उत्तरेकडची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. ती वीज पश्चिमेकडून जात होती. त्या वाटेवरच्या कित्येक वाहिन्या बंद होत्या. बीना ते ग्वाल्हेर या मार्गावरची एक वाहिनी दर्जा वाढवण्यासाठी बंद ठेवलेली, दुसरीवर सगळा भार. वाहिनीवरचा संरक्षक रिले दाब आणि प्रवाह यांचं गुणोत्तर बघत असतो. प्रवाह फार आणि दाब पडलेला, म्हणजे पुढे कुठेतरी तार तुटून जमिनीला टेकली असणार, असा तो अर्थ लावतो. इथे तार शाबूत होती, नुसता भार जास्त होता. पण रिलेने ती वाहिनी तोडली. वीज दुसऱ्या वाटा शोधत फिरली, त्याही एकेक करून भरल्या आणि तुटल्या, आणि अख्खी उत्तर ग्रीड बसली. ३६,००० मेगावॉटच्या आसपास भार गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तीच वाहिनी, पुन्हा तोच प्रकार, आणि या खेपेला उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही. सुमारे ४८,००० मेगावॉट. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या ज्या भागात राहते तो सगळा भाग बंद. दिल्लीची मेट्रो थांबली, बंगालच्या खाणींमध्ये कामगार अडकले.

महाराष्ट्रात मात्र पंखे फिरत होते. पश्चिम विभाग वेळेवर सुटा झाला. उत्तरेला जाणारी वीज अंगावर आल्यामुळे त्याची फ्रिक्वेन्सी दुसऱ्या दिवशी ५१ च्याही वर गेली, काही संच बंद पडले, पण तो तगला. दक्षिणेला मध्ये भद्रावतीसारखे दुभाषी असल्यामुळे तिला हा हिसका बसला नाही.

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आपण ग्रीडच्या मजबुतीचा विचार केला की जाड तारा आणि उंच मनोरे डोळ्यांसमोर येतात. त्याही लागतातच. पण एवढ्या मोठ्या यंत्रात काही ना काही तुटणारच. तेव्हा ते कुठे तुटावं, हे आधी ठरवून ठेवलेलं असलं तर बाकीचं वाचतं. २०१२ च्या चौकशी समितीला जे दोष दिसले त्यातले बरेचसे याच जातीचे होते : फ्रिक्वेन्सी उतरल्यावर फीडर तोडणारे रिले अपेक्षेप्रमाणे चाललेच नाहीत, गव्हर्नरांनी साथ दिली नाही, आणि ओढ कमी करा असं प्रादेशिक केंद्र सांगत असताना राज्यांनी ते मनावर घेतलं नाही. यातला शेवटचा दोष तांत्रिक नव्हे, हे सांगायला नकोच.

त्यानंतर पुष्कळ बदललं. ठरल्याबाहेर वीज ओढणाऱ्याला दंड कडक झाला. फ्रिक्वेन्सी पडली असताना ओढाल तर जास्त मोजाल, ही रीत पश्चिम विभागात जुलै २००२ पासूनच होती. २०१४ मध्ये ती आणखी आवळली. आणि उपकेंद्रांमध्ये नवे डोळे बसवले. जुनी पद्धत दर काही सेकंदांनी एक नोंद पाठवायची. नवी उपकरणं, ज्यांना पीएमयू म्हणतात, सेकंदाला पंचवीस नोंदी घेतात, आणि प्रत्येकीवर उपग्रहाच्या घड्याळाची वेळ असते. त्यामुळे देशाच्या दोन टोकांच्या लाटांमध्ये किती कोन पडला आहे, म्हणजे मधली दोरी किती ताणली गेली आहे, ते तुटण्याआधी दिसतं.

ठरवून तुटण्याचा आपल्या घरचा नमुना म्हणजे मुंबई. बाहेर काहीही होवो, शहराने आपली केंद्रं घेऊन वेगळं व्हायचं आणि एकट्याने चालायचं, अशी 'बेटाची' योजना १९८० च्या दशकापासून आहे. कित्येकदा तिने शहर वाचवलंही. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ती फसली. शहराला वीज आणणाऱ्या काही मोठ्या वाहिन्या आधीच बंद होत्या, उरलेल्या भाराने तुटल्या. बेट तयार झालं, पण आतली निर्मिती आतल्या मागणीला पुरली नाही, आणि फ्रिक्वेन्सी कोसळली. लोकल जागच्या जागी उभ्या. बेट करायचं तर बेटावर पुरेसं धान्य हवं, हा साधा हिशेब. शहर वाढत गेलं, आतली निर्मिती त्या मानाने वाढली नाही. पुढे २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाट सुरू झाली.

त्या बिघाडामागे सायबर हल्ला होता का, यावर पुढच्या वर्षी वादळ उठलं. अमेरिकेतल्या एका कंपनीने भारतीय वीजकेंद्रांच्या संगणकांत चिनी घुसखोरीच्या खुणा दिसल्याचा अहवाल दिला. राज्य सरकारने संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मुंबईचा अंधार मानवी चुकीमुळे झाल्याचं सांगितलं. वाद काहीही असो, भीती खोटी नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वितरण कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पडद्यावर बाण आपोआप फिरताना आणि ब्रेकर एकामागून एक उघडताना पाहिले. सव्वादोन लाखांवर ग्राहक अंधारात गेले. आणि आयडाहोचा प्रयोग आठवा : ब्रेकर नुसता उघडणं ही छोटी इजा, तो भलत्या क्षणी बंद करणं ही मोठी.

युक्रेनने वीज परत कशी आणली? माणसं गाडी काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर बंद केले. काही तासांत बहुतेक दिवे लागले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची नियमावली आणली. यंत्रं चालवणारं जाळं इंटरनेटपासून वेगळं ठेवा, विश्वासू पुरवठादाराकडूनच सामान घ्या, असं तिच्यात आहे. ते हवंच. पण माझं मत विचाराल तर, उपकेंद्र हाताने चालवता येणारे अनुभवी ऑपरेटर ही पहिली सुरक्षा. सगळी उपकेंद्रं निर्मनुष्य करण्याच्या उत्साहात हे विसरून चालणार नाही.

आता सूर्याकडे येऊ, कारण पुढची खरी परीक्षा तिथे आहे. सौर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून चरकाचं जडत्वही नाही. दुपारी सौरवीज भरभरून येते तेव्हा औष्णिक संच मागे सारले जातात आणि ग्रीडचं चाक हलकं होतं. त्याच धक्क्याने ते जास्त वेगाने हेलकावतं. शिवाय दाब सांभाळण्याचं काम जे मोठी जनित्रं गुपचूप करत असतात, तेही कुणीतरी करायला लागतं. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले ते दाब वाढत जाऊन. एकेक केंद्र जास्त दाबाने सुटत गेलं, आणि प्रत्येकाच्या सुटण्याने दाब आणखी चढला. दोष सूर्याचा म्हणता येत नाही. दाब आवरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ती पारंपरिक केंद्रंही कमी पडली.

दुसरी अडचण रोजची आहे. सूर्य मावळतो आणि घरोघरी दिवे लागतात, दोन्ही एकाच तासात. ५ एप्रिलला एकदा केलेली कसरत आता दर संध्याकाळी करावी लागते. त्यासाठी दुपारची वीज राखून ठेवायला हवी. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला २५० मेगावॉटचं केंद्र आहे, तिथे वीज स्वस्त असताना खालचं पाणी वर चढवतात आणि महाग असताना खाली सोडतात. सह्याद्रीचा कडा हीच बॅटरी. असे आणखी प्रकल्प येत आहेत, आणि खऱ्या बॅटऱ्याही. त्यांचे नव्या धाटणीचे इन्व्हर्टर ग्रीडमागे फरपटत न जाता स्वतःच पन्नासचा ठोका धरू शकतात.

आणि एक उपाय शेताच्या बांधावरचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज देतात. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहेच; ग्रीडलाही आहे, कारण रात्रीची मागणी दुपारी सरकते, वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते आणि लांबच्या वाहिन्या मोकळ्या राहतात. बीना-ग्वाल्हेरची गोष्ट ठाऊक झाल्यावर मोकळ्या वाहिनीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

काकांना मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तेवढा त्यांना दम नाही. मी त्यांना कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचं संकेतस्थळ मोबाइलवर लावून दिलं. तिथे राज्याची मागणी, निर्मिती आणि फ्रिक्वेन्सी सतत दिसत असते, कुणालाही. तुम्हीही एखाद्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात ते उघडून बघा. सौरचा आकडा शून्याकडे उतरत असेल, कोयनेचा चढत असेल, आणि फ्रिक्वेन्सी पन्नासच्या आजूबाजूला रेंगाळत असेल.